डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डर हलवल्यापासून प्लगइन्स अर्धवट चालतात. दोष कुठून शोधावा?

प्रश्न: वाचनालयातील स्वयंसेविका, गिरगाव

नमस्कार. गिरगावातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ मी गेली ६ वर्षे स्वयंसेविका म्हणून सांभाळते. माझे शिक्षण संगणकशास्त्राचे नाही. नोकरीवरून संध्याकाळी घरी आल्यावर जेवढे जमेल तेवढे वाचत आणि शिकत आले आहे. संकेतस्थळ वर्डप्रेस या प्रणालीवर चालते, आणि त्यातील जास्तीच्या सोयी प्लगइन्स नावाच्या जोडण्यांनी येतात. पुस्तकांच्या यादीत शोध घेणे, सभासदांच्या वर्गणीचे नूतनीकरण करणे आणि कार्यक्रमांची छायाचित्रे व सूची प्रसिद्ध करणे हे त्याचे मुख्य उपयोग आहेत.

आमचे वर्डप्रेस आरंभापासून मूळ फोल्डरात नसून ‘कोअर’ नावाच्या उपफोल्डरात आहे. तीन आठवड्यांपूर्वी एका तंत्रज्ञाने सुरक्षेचे कारण सांगून त्यातील डब्ल्यूपी-कंटेंट हा (थीम, प्लगइन्स आणि चढवलेली छायाचित्रे असलेला) फोल्डर कोअरच्या बाहेर मूळ फोल्डरात आणला आणि त्याला ‘साहित्य’ असे नवे नाव दिले. (सर्व्हरवर ही नावे रोमन लिपीत आहेत.) त्याच वेळी डब्ल्यूपी-कॉन्फिग ही मुख्य सेटिंग्जची फाइलही कोअरमधून एक पायरी वर आणली. काम झाल्यावर आम्ही सगळी पाने उघडून पाहिली, ती व्यवस्थित दिसली आणि आम्ही निश्चिंत झालो.

त्यानंतर मात्र एकेक गोष्ट बिघडू लागली. वर्गणीच्या अर्जाचे प्लगइन मी नेहमीप्रमाणे अपडेट केले आणि त्या दिवसापासून ‘पाठवा’ हे बटण दाबले तरी काहीच घडत नाही. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम झाला, त्याची छायाचित्रे चढवली, तर प्रत्येक ठिकाणी रिकामी चौकट दिसते; सर्व्हरवर पाहिले तर सर्व छायाचित्रे ‘साहित्य’मधील अपलोड्स फोल्डरात सुखरूप आहेत. जुन्या कार्यक्रमांची छायाचित्रे मात्र दिसतात. कार्यक्रमांच्या दिनदर्शिकेसाठी एक नवे प्लगइन बसवले, त्याचा मजकूर उमटतो, पण रंग, चौकटी, मांडणी यांचा पत्ता नाही. प्रशासनाचा विभाग पूर्वी मराठीत होता, तो आता इंग्रजीत दिसतो. पुस्तकांचा शोध घेणारे प्लगइन आमच्याच एका जुन्या स्वयंसेवकाने लिहिलेले आहे. ते सर्वांत कच्चे असेल असे मला वाटले होते, पण तेच उत्तम चालू आहे.

मी सर्व प्लगइन्स बंद करून एकेक सुरू करून पाहिली, अर्जाचे प्लगइन काढून पुन्हा बसवले, फोल्डरांच्या परवानग्या तपासल्या. होस्टिंगवाल्यांनी सर्व्हरमध्ये दोष नसल्याचे कळवले आहे. मार्चअखेर शेकडो सभासदांना वर्गणी भरायची आहे आणि त्यांतील बरेच ज्येष्ठ नागरिक असल्यामुळे त्यांना प्रत्यक्ष येऊन रांगेत उभे राहावे लागू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. दोष प्लगइन्समध्ये आहे की फोल्डरांच्या रचनेत, आणि शोध कुठून सुरू करावा, हे कृपया कोणी सांगू शकेल का?


उत्तर १: परळ

नमस्कार ताई. निदान करण्यापूर्वी दोन गोष्टी पाहून येथे लिहाव्यात. साधनांच्या मेन्यूत साइट हेल्थ हे पान आहे (५.२ या आवृत्तीपासून ते वर्डप्रेसमध्येच असते), त्यातील माहितीच्या भागात वर्डप्रेस कॉन्स्टंट्स (ठरवून दिलेल्या स्थिर किमती) या शीर्षकाखाली कंटेंट फोल्डराचा आणि प्लगइन फोल्डराचा मार्ग छापलेला असतो, तो पाहावा. दुसरे असे की मूळ कोअरमधील डब्ल्यूपी-कंटेंट हा फोल्डर हलवला गेला आहे की त्याची केवळ नक्कल केली गेली आहे, हे तपासावे. जुना फोल्डर जागेवर असेल तर आपण वर्णन केलेली सर्व लक्षणे एकाच कारणाने जुळतात, असा माझा अंदाज आहे.


प्रश्नकर्तीचे उत्तर: गिरगाव

धन्यवाद. साइट हेल्थमध्ये कंटेंट फोल्डराचा मार्ग ‘साहित्य’ असाच दिसतो आणि प्लगइन फोल्डराचा मार्ग ‘साहित्य’मधील प्लगइन्स असा दिसतो, म्हणजे ते बरोबर आहे असे वाटते. जुना डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डर कोअरमध्ये अजून तसाच आहे. डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये तंत्रज्ञाने एकच ओळ वाढवलेली सापडली, ती डब्ल्यूपी_कंटेंट_डिर या कॉन्स्टंटची.


उत्तर २: डोंबिवली

ताई, आपण फाइल उघडून ती एक ओळ शोधून काढलीत, त्यामुळे निदान सोपे झाले. दोष प्लगइन्सचा नाही; रचनेचे काम अर्धे राहिले आहे.

वर्डप्रेसला कंटेंट फोल्डराचे दोन पत्ते लागतात. एक पत्ता सर्व्हरच्या डिस्कवरचा, जो पीएचपीला (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे तिला) फाइल वाचायला आणि लिहायला लागतो. दुसरा वेबवरचा, जो वाचकाच्या ब्राउझरला चित्रे, शैलीपत्रके (रंग व मांडणीच्या फाइली) आणि जावास्क्रिप्ट (पानावरची बटणे वगैरे चालवणारा कोड) मागवायला लागतो. पहिल्यासाठी डब्ल्यूपी_कंटेंट_डिर आणि दुसऱ्यासाठी डब्ल्यूपी_कंटेंट_यूआरएल असे दोन स्वतंत्र कॉन्स्टंट आहेत. (येथे मी ते देवनागरीत लिहितो, फाइलीत ते रोमन मोठ्या अक्षरांत लिहावेत आणि शब्दांमध्ये अधोरेषा घालावी.) आपल्या तंत्रज्ञाने पहिला लिहिला आणि दुसरा राहून गेला. दुसरा लिहिलेला नसेल तर वर्डप्रेस स्वतः तो तयार करते आणि त्यासाठी सेटिंग्जमधील वर्डप्रेसच्या पत्त्यापुढे सरळ डब्ल्यूपी-कंटेंट हे शब्द जोडते. आपला वर्डप्रेसचा पत्ता कोअरपर्यंतचा असल्याने ब्राउझरला आजही कोअरमधील डब्ल्यूपी-कंटेंट हाच पत्ता सांगितला जात आहे. बिऱ्हाड नव्या जागी गेले, पण पोस्टात पत्ता जुनाच राहिला.

आता आपली लक्षणे याच्याशी ताडून पाहू, कारण प्रत्येकाचे उत्तर यातच आहे. जुना फोल्डर जागेवर असल्यामुळे पहिल्या दिवशी सर्व पाने ठीक दिसली. पीएचपी नव्या फोल्डरातून चालत होते आणि ब्राउझर जुन्या फोल्डरातून फाइली उचलत होता, पण दोन्हीकडच्या फाइली अगदी सारख्या असल्याने कोणाला फरक जाणवला नाही. आपण अर्जाचे प्लगइन अपडेट केले, तेव्हा नवी आवृत्ती ‘साहित्य’मध्ये उतरली. त्यामुळे पीएचपी नव्या आवृत्तीचे आणि जावास्क्रिप्ट जुन्या आवृत्तीचे अशी जोडी तयार झाली, आणि बटण निष्प्राण झाले. प्लगइन काढून पुन्हा बसवल्याने काही बदलले नाही, कारण बसवणे आणि काढणे हे दोन्ही व्यवहार नव्या फोल्डरातच होत होते. दिनदर्शिकेचे प्लगइन जुन्या फोल्डरात कधी नव्हतेच, म्हणून त्याचे शैलीपत्रक मागितले की ४०४ (फाइल सापडली नाही) असे उत्तर मिळते. छायाचित्रांचेही तेच: २७ फेब्रुवारीची नव्या जागी उतरली आणि त्यांचा पत्ता जुन्या जागेचा छापला गेला, जुनी छायाचित्रे जुन्या जागी अजून आहेत म्हणून ती दिसतात. खात्री करायची असेल तर ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडून नेटवर्क या भागात दिनदर्शिकेचे पान पुन्हा मागवावे. लाल रंगात दिसणाऱ्या प्रत्येक पत्त्यात कोअर आणि डब्ल्यूपी-कंटेंट हे शब्द आढळतील.

उपाय असा. डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये पहिल्या ओळीखालीच दुसरा कॉन्स्टंट लिहावा आणि त्यात एचटीटीपीएससह संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता व त्यापुढे ‘साहित्य’ असे द्यावे. दोन्ही ओळींच्या शेवटी तिरकी रेघ नसावी, कारण वर्डप्रेस ती स्वतः जोडते आणि दोन रेघा एकापुढे एक आल्या की काही प्लगइन्सची तुलना चुकते. दोन्ही ओळी डब्ल्यूपी-सेटिंग्ज ही फाइल बोलावणाऱ्या ओळीच्या वर असल्या पाहिजेत. खाली लिहिल्या तर तोवर वर्डप्रेसने आपले ठरावीक पत्ते निश्चित केलेले असतात आणि आपली ओळ वाया जाते. काही मंडळी पत्ता हाताने न लिहिता सर्व्हरने दिलेल्या होस्टच्या नावावरून तो बनवतात. ते मला योग्य वाटत नाही, कारण कमांड लाइनवरून किंवा सर्व्हरच्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या सोयीतून) वर्डप्रेस चालते तेव्हा तेथे होस्टचे नाव उपलब्ध नसते आणि पाठवलेल्या ईमेलमधले दुवे तुटतात.

प्लगइन्सच्या फोल्डरासाठी वेगळे कॉन्स्टंट लिहिण्याची आपल्याला गरज नाही. ते कंटेंटच्या दोन पत्त्यांवरूनच ठरतात. अपलोड्स या नावाचा जो कॉन्स्टंट आहे तो मात्र कटाक्षाने टाळावा. तो वर्डप्रेसच्या स्वतःच्या फोल्डरापासून मोजला जातो, त्यामुळे त्यात ‘साहित्य’मधील अपलोड्स असे लिहिले तर चित्रे कोअरच्या पोटात ‘साहित्य’ नावाचा तिसराच फोल्डर करून त्यात जातील.

प्रशासनाचा विभाग इंग्रजीत जाण्याचे कारण बहुधा निराळे आहे. वर्डप्रेसचे मराठी भाषांतर कंटेंट फोल्डरातील लँग्वेजेस या उपफोल्डरात असते. नक्कल करताना तो उपफोल्डर राहून गेला असेल, तर वर्डप्रेसला भाषांतर सापडत नाही आणि ते कोणतीही तक्रार न करता इंग्रजीवर येते. जुन्या फोल्डरातून तो आणून ‘साहित्य’मध्ये ठेवावा.

हे सर्व झाल्यावर जुन्या डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डराचे नाव बदलून पाहावे. तो पुसू नये, फक्त नाव बदलावे. जोवर तो जागेवर आहे तोवर तो उरलेले दोष झाकत राहील.


प्रश्नकर्तीचे उत्तर: गिरगाव

आपले आभार कसे मानावेत कळत नाही. दुसरी ओळ लिहिल्याबरोबर अर्जाचे बटण चालू झाले, दिनदर्शिका रंगांसह उमटली आणि लँग्वेजेस फोल्डर आणल्यावर प्रशासनाचा विभाग मराठीत आला. २७ फेब्रुवारीची छायाचित्रे माध्यमसंग्रहात दिसू लागली.

परंतु दोन नव्या अडचणी उभ्या राहिल्या आहेत. पुस्तकांचा शोध, जो आतापर्यंत चालू होता, तो बंद पडला. शब्द टाकला की काहीच येत नाही आणि त्रुटींच्या नोंदीत डब्ल्यूपी-लोड ही (वर्डप्रेस सुरू करणारी) फाइल उघडता आली नाही असे लिहिलेले असते. दुसरी अडचण अधिक गंभीर होती. आपण सांगितल्याप्रमाणे जुन्या फोल्डराचे नाव बदलले आणि क्षणात संपूर्ण संकेतस्थळ पांढरे झाले, प्रशासनाचा विभागसुद्धा उघडेना. मी घाबरून नाव पुन्हा पूर्वीसारखे केले तेव्हा सर्व परत आले. त्रुटी अशी होती की पीएचपीला जुन्या फोल्डरातील, आम्ही वापरत असलेल्या फायरवॉल (हल्ले अडवणाऱ्या) प्लगइनची एक फाइल सापडली नाही. आणि ती फाइल कोणी मागितली त्या जागी फाइलीचे नाव नसून ‘अननोन’ असा शब्द होता.


उत्तर ३: डोंबिवली

ताई, नाव बदलण्याआधी फायरवॉलची चौकशी करा हे मी लिहायला हवे होते. आपली चूक काहीच नाही, आणि आपण नाव लगेच परत केलेत ते अगदी योग्य केलेत.

‘अननोन’ हाच येथला धागा आहे. काही फायरवॉल प्लगइन्सना वर्डप्रेस जागे होण्यापूर्वीच प्रत्येक विनंती तपासायची असते. त्यासाठी ती मूळ फोल्डरात टिंबाने सुरू होणारी यूझर-आयएनआय नावाची फाइल लिहितात आणि तिच्यात पीएचपीला सांगतात की कोणतेही पान चालवण्याआधी अमुक एक फाइल जोड. ती फाइल कुठे आहे याचा डिस्कवरचा संपूर्ण मार्ग तेथे छापलेला असतो. वर्डप्रेसच्या कोणत्याही कॉन्स्टंटचा या ओळीशी संबंध नाही, कारण तोवर वर्डप्रेस सुरूच झालेले नसते. मार्ग जुना, फोल्डराचे नाव नवे, म्हणून पीएचपी पहिल्याच पायरीवर थांबले. टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या असतात; लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू करून ती उघडावी, मार्गातील कोअर आणि डब्ल्यूपी-कंटेंट यांच्या जागी ‘साहित्य’ करावे आणि मगच जुन्या फोल्डराला हात लावावा. फायरवॉलच्या स्वतःच्या सेटिंगमधून ते संरक्षण एकदा काढून पुन्हा बसवण्याची सोय असेल तर ती अधिक चांगली.

येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. ही फाइल पीएचपी प्रत्येक वेळी नव्याने वाचत नाही. नेहमीच्या मांडणीत ती ३०० सेकंद, म्हणजे ५ मिनिटे, स्मरणात ठेवली जाते. म्हणून बदल केल्यावर निदान ५ मिनिटे थांबावे. याच कारणाने अनेकांना आपली दुरुस्ती चुकली असे वाटते आणि ते बरोबर केलेली ओळ पुन्हा बिघडवतात.

कॅशेचे (तयार पाने साठवून ठेवणारे) प्लगइन वापरत असाल तर तेथेही हेच पाहावे. ॲडव्हान्स्ड-कॅशे नावाची एक फाइल अशी प्लगइन्स थेट कंटेंट फोल्डरात ठेवतात आणि तिच्यात प्लगइनचा संपूर्ण मार्ग लिहितात. आपल्या ‘साहित्य’मध्ये तिची नक्कल आली असेल, पण आतला मार्ग जुनाच असेल. प्लगइन बंद करून, ती फाइल गेली आहे याची खात्री करून ते पुन्हा सुरू केले की ती नव्या मार्गासह लिहिली जाते.

शोधाच्या प्लगइनविषयी बोरिवलीचे आपले एक सभासद माझ्यापेक्षा अधिक नेमके सांगू शकतील.


उत्तर ४: बोरिवली

नमस्कार ताई. अशी जुनी, स्वयंसेवकांनी आपुलकीने लिहिलेली प्लगइन्स मी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यांत हा दोष वारंवार आढळतो. त्यांना मी कच्ची म्हणणार नाही. ज्या रचनेत ती लिहिली गेली त्या रचनेत ती बरोबरच होती.

आपले प्लगइन शोधासाठी स्वतःची एक पीएचपी फाइल थेट ब्राउझरकडून बोलावते. अशा फाइलीला वर्डप्रेसची कार्ये (फंक्शन्स) हवी असतात, म्हणून ती आरंभीच तीन पायऱ्या वर जाऊन डब्ल्यूपी-लोड ही फाइल जोडते. जुन्या रचनेत प्लगइनच्या फोल्डरातून पहिल्या पायरीवर प्लगइन्स, दुसरीवर डब्ल्यूपी-कंटेंट आणि तिसरीवर कोअर येत असे, आणि डब्ल्यूपी-लोड तेथे होते. आता त्याच तीन पायऱ्या चढल्या की प्लगइन्स, ‘साहित्य’ आणि मग मूळ फोल्डर येतो, जेथे ती फाइल नाही. कंटेंटचा वेबवरचा पत्ता दुरुस्त होईपर्यंत ब्राउझर जुन्या फोल्डरातील नक्कल बोलावत होता, म्हणून शोध चालत होता. म्हणजे आपण दुरुस्ती केलीत म्हणून तो बिघडला असे नाही. तो बिघाड आधीपासूनच होता, आता तो समोर आला.

घाई असेल तर त्या ओळीत पायऱ्यांनंतर कोअर हा शब्द घालून काम चालते. वर्गणीच्या दिवसांत तेवढेच करावे. पण उद्या पुन्हा फोल्डर हलला तर पुन्हा हेच घडेल, म्हणून सवडीने पक्की दुरुस्ती करावी. पक्की दुरुस्ती म्हणजे फाइल थेट बोलावणे बंद करून विनंती वर्डप्रेसच्याच दारातून आत आणणे. त्यासाठी दोन मार्ग आहेत. ॲडमिन-एजॅक्स हा जुना मार्ग आणि रेस्ट एपीआय हा नवा. शोधाचे काम आहे तसे एका कार्यात ठेवायचे, ते यांपैकी एका मार्गाला जोडायचे आणि पत्ता जावास्क्रिप्टमध्ये हाताने न लिहिता पीएचपीकडून तिला द्यायचा.

ॲडमिन-एजॅक्स निवडलेत तर एक सावधगिरी. त्यात कार्य दोन वेळा जोडावे लागते: एकदा लॉगिन केलेल्यांसाठी आणि एकदा ‘नोप्रिव्ह’ हा शब्द असलेल्या हुकला (कार्य जोडण्याच्या जागेला), लॉगिन न केलेल्यांसाठी. दुसरी जोडणी विसरली तर आपल्याला स्वतःला शोध उत्तम चालताना दिसतो, कारण आपण लॉगिन केलेल्या असता, आणि वाचनालयाच्या वाचकाला उत्तर म्हणून नुसते शून्य मिळते. तपासताना नेहमी ब्राउझरच्या खासगी खिडकीतून, वाचक म्हणून तपासावे. रेस्ट एपीआय निवडलेत तर परवानगी तपासणारे कार्य द्यावे लागते. पुस्तकांची यादी सर्वांसाठी खुली असल्याने तेथे सर्वांना परवानगी आहे असे स्पष्ट लिहावे.

त्याच प्लगइनमध्ये आणखी काय दडले आहे ते पाहण्यासाठी त्याच्या फोल्डरात तीन शब्द शोधावेत: डब्ल्यूपी-कंटेंट, डब्ल्यूपी-लोड आणि एबीएसपाथ. पहिले दोन जेथे सापडतील तेथे दोष असण्याची दाट शक्यता आहे. एबीएसपाथ हा वर्डप्रेसच्या स्वतःच्या फोल्डराचा मार्ग असून तो प्रत्येक ठिकाणी चुकीचाच असतो असे नाही. फाइलीच्या आरंभी तो ठरलेला आहे की नाही हे तपासणारी ओळ तर चांगली सवय आहे. पण त्याच्यापुढे डब्ल्यूपी-कंटेंट जोडून मार्ग बनवला असेल तर ती ओळ बदलावी. आपल्या प्लगइनचा डिस्कवरचा मार्ग प्लगइन_डिर_पाथ या कार्याला, वेबवरचा पत्ता प्लगइन्स_यूआरएल या कार्याला आणि अपलोड्सचे दोन्ही पत्ते डब्ल्यूपी_अपलोड_डिर या कार्याला विचारता येतात. मराठी भाषांतर जोडणाऱ्या ओळीतही भाषांतराचा फोल्डर प्लगइन्सच्या फोल्डरापासून मोजलेला असावा.

जुन्या लेखांतील चित्रांचे पत्ते डेटाबेसमध्ये पूर्ण स्वरूपात साठवलेले आहेत, त्यामुळे जुन्या फोल्डराचे नाव बदलल्यावर ती सर्व तुटतील. ते पत्ते बदलताना डेटाबेसमध्ये थेट शोधून बदलण्याची आज्ञा कृपया चालवू नये. विजेट्स, थीम आणि अनेक प्लगइन्स आपली सेटिंग्ज पीएचपीच्या सीरियलाइझ केलेल्या स्वरूपात ठेवतात, आणि त्या स्वरूपात प्रत्येक मजकुरापूर्वी त्याची लांबी लिहिलेली असते. मजकूर बदलला आणि लांबी तशीच राहिली तर ते संपूर्ण सेटिंग वाचता येत नाही आणि रिकामे समजले जाते. कोणी असेही सुचवेल की लांबीचे आकडे हाताने सुधारावेत. मराठी संकेतस्थळावर ते फारच धोक्याचे आहे, कारण ही लांबी अक्षरांत नसून बाइट्समध्ये असते. ‘वाचनालय’ हा शब्द आपण ५ अक्षरांचा मोजतो. संगणकाच्या दृष्टीने काने वेगळे धरून त्यात ७ चिन्हे होतात आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागत असल्याने तेथे २१ हा आकडा लिहिलेला असतो. डब्ल्यूपी-सीएलआय या, आज्ञा टंकून वर्डप्रेस हाताळण्याच्या साधनातील सर्च-रिप्लेस ही आज्ञा हे सर्व स्वतः सांभाळते. आधी डेटाबेसची प्रत घ्यावी, मग तीच आज्ञा ड्राय-रन (प्रत्यक्ष बदल न करणाऱ्या चाचणीच्या) पर्यायासह चालवून किती ठिकाणी बदल होणार ते पाहावे, आणि प्रत्यक्ष बदल करताना जीयूआयडी हा स्तंभ वगळावा, कारण तो फीड वाचणाऱ्यांसाठी नोंदीची कायमची ओळख असतो.


उत्तर ५: ठाणे

वरची सर्व उत्तरे तांत्रिकदृष्ट्या योग्य आहेत, तरीही मला मूळ निर्णयाविषयी बोलावेसे वाटते. फोल्डराचे नाव बदलल्याने सुरक्षा वाढते हा समज मला पटत नाही. संकेतस्थळाच्या कोणत्याही पानाचा स्रोत उघडला की शैलीपत्रकाच्या पत्त्यात ‘साहित्य’ हे नवे नाव लिहिलेले दिसते. जे प्रत्येक पाहुण्याला आपण स्वतःच सांगतो ते गुपित कसे राहील? हल्ले बहुतांशी जुन्या, अपडेट न केलेल्या प्लगइन्समधून आणि कमकुवत पासवर्डांतून होतात, आणि नव्या रचनेच्या भीतीने कोणी अपडेट करणेच थांबवले तर सुरक्षा कमीच होईल.

कंटेंट वेगळा ठेवण्याला दुसरे चांगले कारण असू शकते. बेडरॉक या प्रसिद्ध रचनेत वर्डप्रेस एका फोल्डरात आणि आपली थीम व प्लगइन्स दुसऱ्या फोल्डरात असतात, कारण तेथे वर्डप्रेस कंपोझर या, पीएचपीचे तयार भाग आणणाऱ्या साधनामार्फत आणले जाते आणि आपले स्वतःचे काम आवृत्ती-नियंत्रणात (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत) राहते. असे काही कारण नसेल तर, ताई, कंटेंट पुन्हा कोअरमध्ये नेणे हा मार्गही मोकळा आहे. त्यात कमीपणा मानू नये.


प्रश्नकर्तीचे उत्तर: गिरगाव

सर्वांचे उपकार आहेत. दोन रविवार बसून केलेले काम येथे नोंदवते, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

यूझर-आयएनआयमधील मार्ग बदलला. बदल केल्यावर लगेच काही फरक दिसेना, पण ५ मिनिटांची सूचना आठवून थांबले आणि त्यानंतर फायरवॉलच्या पानावर नवा मार्ग दिसला. त्यानंतर जुन्या फोल्डराचे नाव बदलले. संकेतस्थळ चालू राहिले. शोधाच्या प्लगइनमध्ये आधी कोअर हा शब्द घालून वर्गणीचे दिवस निभावले आणि मग एका महाविद्यालयीन स्वयंसेवकाच्या मदतीने ते ॲडमिन-एजॅक्सवर आणले. ‘नोप्रिव्ह’ची जोडणी आम्ही खरोखरच विसरलो होतो, खासगी खिडकीतून तपासले तेव्हा शून्य दिसले आणि आपले वाक्य आठवले.

डेटाबेसची प्रत घेऊन सर्च-रिप्लेस चालवले. तरीही एक प्रश्न उरला होता. दिवाळी अंकांच्या सूचीचे जुने पीडीएफ सभासदांनी व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवलेले आहेत आणि ते दुवे आमच्या डेटाबेसमध्ये नाहीत, लोकांच्या फोनमध्ये आहेत. त्यासाठी मूळ फोल्डरातील एचटीॲक्सेस या, सर्व्हरला नियम सांगणाऱ्या फाइलीत, जुन्या अपलोड्सच्या पत्त्यावर आलेल्याला नव्या पत्त्यावर कायमचे पाठवणारा ३०१ चा नियम लिहिला. पहिल्यांदा तो, वर्डप्रेस त्या फाइलीत आपल्या नियमांभोवती घालते त्या खुणांच्या आत लिहिला होता आणि पर्मालिंकचे (पानांच्या पत्त्यांच्या रचनेचे) पान जतन करताच तो पुसला गेला. आता तो त्या खुणांच्या वर आहे आणि टिकून आहे. एका ज्येष्ठ सभासदांना ४ वर्षांपूर्वीचा दुवा त्यांच्या फोनवर उघडून पाहायला सांगितला, तो उघडला.

ठाण्याच्या सभासदांचे म्हणणे मला पटले आणि कार्यकारिणीपुढे मी ते तसेच मांडले. सुरक्षेचे कारण आम्ही सोडून दिले आहे. तरीही ‘साहित्य’ आहे तेथेच ठेवण्याचे ठरले, कारण आता वाचनालयाचे स्वतःचे जे काही आहे ते एका फोल्डरात आणि वर्डप्रेसचे जे आहे ते दुसऱ्या फोल्डरात आहे, आणि दर महिन्याची प्रत घेणाऱ्या स्वयंसेवकाला कोणता फोल्डर घ्यायचा हे सांगणे सोपे झाले आहे. ‘साहित्य’ आणि डेटाबेस एवढेच.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. कोअरमध्ये डब्ल्यूपी-कंटेंट नावाचा फोल्डर काल पुन्हा आपोआप तयार झालेला आढळला आणि त्यात फक्त कॅशे नावाचा एक उपफोल्डर आहे. सांगितलेले तीन शब्द मी सर्व प्लगइन्समध्ये शोधले, तेव्हा छायाचित्रे लहान करणाऱ्या एका प्लगइनमध्ये एबीएसपाथपुढे डब्ल्यूपी-कंटेंट जोडलेली ओळ सापडली. त्याच्या लेखकाला मी ती ओळ आणि आमची रचना सविस्तर कळवली आहे. प्लगइनच्या फाइलीत मी स्वतः बदल केलेला नाही, कारण पुढच्या अपडेटमध्ये तो पुसला जाईल. त्यांचे उत्तर आले की येथे लिहीन.